रक्तातील शिशाचे मापन आणि ग्राह्य चुकीची मर्यादा : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

धान्याच्या वखारीतील काट्याला पाव-अर्धा किलोचा पासंग असला, तरी पोत्यांच्या हिशेबात फारसे बिघडत नाही. तोच काटा सराफाच्या पेढीवर आणून ठेवला, तर त्या पासंगात एक अख्खा दागिना बुडून जाईल. काटा तोच, पासंगही तेवढाच. मोजायची वस्तू मात्र बदललेली असते. लहान मुलांच्या रक्तातील शिसे मोजण्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहताना ही गोष्ट वारंवार ध्यानात येते. वैद्यकशास्त्राने शिशाची 'धोक्याची पातळी' टप्प्याटप्प्याने खाली आणली. पण ती पातळी मोजणाऱ्या साधनांना किती चूक माफ करायची, हा नियम मात्र दरवेळी मागे रेंगाळत राहिला.

प्रस्तुत लेखात या मागे राहिलेल्या नियमाचा आढावा घेतला आहे. त्यातही बोटातून काढलेल्या रक्तावर दवाखान्यातच तीन मिनिटांत निकाल देणाऱ्या, 'पॉइंट-ऑफ-केअर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाचणीवर विशेष भर आहे. या इतिहासाचे मुख्य क्षेत्र अमेरिका आहे, कारण नियम आणि यंत्र ही दोन्ही तेथेच घडली. परंतु अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता आणि मुंबई ही शहरेही त्यात येतात.

आरंभी एककाचा उलगडा आवश्यक आहे. रक्तातील शिसे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात सांगितले जाते, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ग्रॅमचे किती दशलक्षांश शिसे आहे ते. यापुढे लेखात केवळ आकडा दिला आहे तेथे हेच एकक समजावे. पॉइंट-ऑफ-केअर यंत्राला ५० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम एक मोठा थेंब रक्त लागते. रक्तातील पातळी ३.५ असेल, तर त्या थेंबात शिसे असते अवघे पावणेदोन नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग. मुलाच्या बोटावर तेवढेच शिसे असलेली धूळ चिकटलेली असेल आणि ती थेंबात मिसळली, तर निकाल दुप्पट येतो.

ऐंशीपासून साडेतीनपर्यंत

शिशाची बाधा ही जुनी ओळखीची गोष्ट आहे. इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात कुंभार व चित्रकार यांच्या शिसेबाधेची नोंद केली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने १९०४ मध्ये मुलांच्या बाधेचे मूळ घराच्या रंगात असल्याचे दाखवून दिले. तथापि तो काळ लक्षणांवरून रोग ओळखण्याचा होता. रक्तातील आकडा हाच पुरावा मानण्याची पद्धत नंतरची, आणि तिची वाढ पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळण्यास १९२३ मध्ये सुरुवात झाल्यानंतरची आहे.

अमेरिकेत या विषयावर पुढील चार दशके सिनसिनाटी येथील डॉ. रॉबर्ट किहो यांचा शब्द प्रमाण मानला गेला. त्यांच्या प्रयोगशाळेला उद्योगांकडून पैसा मिळत असे. शिसे मानवी शरीरात स्वाभाविकपणेच असते आणि रक्तातील पातळी ८० च्या खाली असेपर्यंत अपाय होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या काळी डायथिझोन या रसायनाने होणाऱ्या रंगबदलावरून शिसे मोजत आणि त्यासाठी पाच-दहा मिलिलिटर रक्त लागत असे. कामगाराच्या दंडातून तेवढे रक्त काढणे शक्य होते. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते अवघडच.

किहो यांच्या मताला पहिला जोरदार धक्का वैद्याने नव्हे, तर भूरसायनशास्त्रज्ञाने दिला. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले होते, तेही शिशाच्याच समस्थानिकांवरून. हे काम करताना प्रयोगशाळेतील हवा, पाणी, काचेची भांडी, माणसाची त्वचा, सगळीकडून नमुन्यात शिसे शिरते हे त्यांच्या लक्षात आले. १९६५ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात त्यांनी मांडले की, सर्वसामान्य अमेरिकन माणसाच्या शरीरातील शिसे 'नैसर्गिक' नसून नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. पुढे १९८० मध्ये त्यांनी व सेटल यांनी ट्यूना माशाच्या मांसाची काटेकोर तपासणी केली, तेव्हा इतर प्रयोगशाळांचे आकडे खऱ्याहून जवळजवळ हजारपट जास्त असल्याचे निघाले. ते शिसे माशातले नव्हते, प्रयोगशाळांचे होते. अचूकतेचा प्रश्न या विषयात किती मुळाशी आहे, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

त्यानंतर धोक्याची पातळी झपाट्याने खाली येऊ लागली. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलांसाठी ६० ही पातळी धरली जात होती. १९७० मध्ये ती ४० वर आली. 'सीडीसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोग नियंत्रण केंद्राने १९७५ मध्ये ती ३० केली, १९८५ मध्ये २५ आणि १९९१ मध्ये १०. २०१२ मध्ये 'धोक्याची पातळी' हा शब्दच सोडून 'संदर्भमूल्य' हा शब्द घेतला गेला व ते ५ ठरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते ३.५ झाले. वर्गात हा विषय शिकवताना शेवटच्या दोन आकड्यांबाबत गल्लत होऊ देऊ नये. ५ किंवा ३.५ ही 'येथपर्यंत सुरक्षित' अशी सीमा नाही. देशातील एक ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सर्वांत जास्त शिसे असलेली अडीच टक्के मुले ज्या आकड्याच्या वर येतात, तो हा आकडा आहे. सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, हीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

शिक्षकांच्या रक्ताचा अभ्यास

निरनिराळ्या देशांतील आकड्यांची तुलना करायची, तर आधी प्रयोगशाळांची तुलना करावी लागते. ही गोष्ट संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केलेल्या आणि फ्रीबर्ग व व्हाटर या स्वीडिश संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने कृतीत आणली. या अभ्यासासाठी रक्त दिले ते शिक्षकांनी. शिसेकामाशी संबंध नसलेला, शहरात स्थायिक आणि प्रत्येक देशात सापडणारा वर्ग म्हणून शिक्षक सोयीचे होते. दहा देशांतील शहरांतून प्रत्येकी सुमारे दोनशे शिक्षकांचे रक्त घेण्यात आले. भारतातून अहमदाबाद, बंगळूर व कलकत्ता ही शहरे त्यात होती.

अभ्यासाची खरी थोरवी त्याच्या शिस्तीत आहे. सहभागी प्रयोगशाळांना आधी नियंत्रण नमुने पाठवले गेले. त्यांतील शिसे संयोजकांना माहीत होते, प्रयोगशाळांना नव्हते. त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याशिवाय शिक्षकांच्या रक्ताचे आकडे स्वीकारायचे नाहीत, असा दंडक होता. बीजिंग व टोकियो येथे सुमारे ६ आणि मेक्सिको सिटी येथे सुमारे २२ असे जे अंतर दिसले, ते प्रयोगशाळांमधले अंतर नसून माणसांमधले आहे, असे म्हणता आले ते या दंडकामुळेच.

एक थेंब, तीन मिनिटे

मुलांची मोठ्या प्रमाणावर तपासणी करायची, तर बोटातून एक थेंब घेऊन काम भागले पाहिजे, ही निकड १९७० च्या दशकापासूनच होती. इंग्लंडमधील डेल्व्ह्स याने १९७० मध्ये केवळ दहा मायक्रोलिटर रक्तावर चालणारी पद्धत प्रसिद्ध केली. तिला प्रयोगशाळेची गरज मात्र होतीच. दुसरी वाट आडवळणाची होती. शिशामुळे रक्तातील हिमोग्लोबिन बनण्याच्या क्रियेत अडथळा येतो आणि प्रोटोपोर्फिरिन नावाचा पदार्थ तांबड्या पेशींत साठतो. तो विशिष्ट प्रकाशात चमकतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ही चमक मोजणारे छोटे, नेता-आणता येणारे यंत्र तयार केले आणि काही काळ मुलांची चाळणी त्यावरच होत होती. शिशाच्या बाबतीत पॉइंट-ऑफ-केअर चाचणीचा हा पहिला अवतार म्हणता येईल.

त्याचा अंत बोधप्रद आहे. यंत्र बिघडले नाही, फसवेही निघाले नाही; धोक्याची पातळीच त्याच्या पायाखालून सरकली. प्रोटोपोर्फिरिन रक्तातील शिसे २५ च्या वर गेल्यावरच नीट वाढते. १९९१ मध्ये पातळी १० वर आली आणि ही चाचणी एका निर्णयासरशी निरुपयोगी ठरली. लोहाच्या कमतरतेनेही ती वाढते, हा दोष तर आधीपासून होताच.

आता शिसेच थेट मोजणारे, स्वस्त आणि सुटसुटीत यंत्र हवे होते. सीडीसीच्या पाठबळाने अँडकेअर आणि ईएसए या कंपन्यांनी ते तयार केले. 'लेडकेअर' या नावाच्या या यंत्राला १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. त्याचे तत्त्व अ‍ॅनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीचे आहे आणि महाविद्यालयीन रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते सहज समजण्यासारखे आहे. रक्तातील जवळजवळ सर्व शिसे तांबड्या पेशींत असते. थेंब सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात टाकला की पेशी फुटतात आणि शिसे मोकळे होते. हे मिश्रण एकदाच वापरायच्या पट्टीवर ठेवतात. तिच्यावर सोन्याच्या सूक्ष्म कणांचा इलेक्ट्रोड असतो. ऋण विभव दिल्यावर शिशाचे आयन इलेक्ट्रोडवर येऊन बसतात. मग विभव उलट्या दिशेने वाढवला की ते सुटून परत द्रावणात जातात आणि सुटताना जो विद्युत्प्रवाह वाहतो, त्यावरून शिशाचे प्रमाण काढता येते. पुढील आवृत्ती, लेडकेअर टू, २००५ मध्ये मान्य झाली. ती ३.३ ते ६५ या पल्ल्यात आकडा दाखवते. त्याखाली केवळ 'कमी' आणि त्यावर केवळ 'जास्त' एवढेच सांगते.

या मोजणीतला नाजूक क्षण यंत्रात नाही, बोटावर आहे. बोट साबणाने धुतले नाही, तर घरातील रंगाची धूळ, रस्त्यावरची माती, सगळे थेंबात उतरते. भारतीय उपखंडातील कुटुंबांपुरता येथे एक उल्लेख आवश्यक आहे. सुरम्यातील शिशामुळे मुलाला बाधा झाल्याची नोंद 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९६८ मध्येच आली होती. पारंपरिक सुरम्याच्या अनेक नमुन्यांत गॅलेना म्हणजे शिशाचे खनिजच असते, आणि बाजारातील सिंदुराच्याही काही नमुन्यांत शिसे आढळले आहे. आईच्या हातून हे मुलाच्या बोटाला लागले, तर यंत्रावरील आकडा मुलाच्या रक्ताचा आहे की बोटाचा, हे ठरवणे अवघड होते. म्हणून बोटाच्या रक्ताचा निकाल जास्त आला, तर शिरेतून रक्त काढून खात्री करून घ्यावी, असा प्रघात पडला. या प्रघातामागे एक गृहीत होते : बोटाच्या रक्ताची चूक ही बहुतेक वरच्या दिशेची असते, आणि शिरेचे रक्त खरे सांगते.

मुंबई व दिल्ली, १९९८-९९

मान्यता मिळून दोन वर्षेही होत नाहीत तोच हे यंत्र भारतात आले. देवनार, मुंबई येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९८-९९ मध्ये दुसरे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील मुलांचे रक्त लेडकेअरवर तपासण्यात आले. याच आधारसामग्रीवरून जैन व हू यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात १,०८१ मुलांचा समावेश आहे. त्यांपैकी ७६ टक्के मुलांची पातळी ५ ते २० यांच्या दरम्यान होती. बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशननेही त्याच सुमारास मुंबई, हैदराबाद, दिल्ली, चेन्नई, कलकत्ता आदी शहरांत वीस हजारांहून अधिक नमुने तपासले, आणि बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांत पातळी १० च्या वर असल्याचे १९९९ मध्ये जाहीर केले. हे सर्व शिसेयुक्त पेट्रोलच्या अखेरच्या काळातले आकडे आहेत. देशभर शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आले.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना या सर्वेक्षणात एक चांगले उदाहरण सापडेल. यंत्राची चूक यादृच्छिक असेल, म्हणजे कधी दोनने वर तर कधी दोनने खाली, तर हजार मुलांच्या सरासरीत ती बहुतांशी विरून जाते. सर्वेक्षणाचा निष्कर्ष त्यामुळे ढासळत नाही. पण ज्या मुलाचे खरे मूल्य ११ आहे आणि कागदावर ९ उमटले, त्याच्या घरच्यांना शेजारच्या मुलाचा आकडा दोनने वर गेल्याचा काय उपयोग? सर्वेक्षणाला पुरेशी असलेली अचूकता एका मुलाच्या निदानाला पुरत नाही. आणि चूक एकाच दिशेची असेल, तर ती सरासरीतही तशीच राहते व मुलाच्या कागदावरही.

सहा, चार आणि दोन

चुकीला मर्यादा घालणारा नियम प्रथम आला तो कारखान्यांसाठी. अमेरिकेच्या व्यवसाय सुरक्षा प्रशासनाने १९७८ मध्ये शिसेकामगारांच्या रक्ततपासणीसाठी अट घातली : निकाल खऱ्या मूल्याच्या १५ टक्के किंवा ६ मायक्रोग्रॅम, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्या अंतरात असावा. कामगारांच्या बाबतीत निर्णय ४० ते ६० च्या आसपास घेतले जात. तेथे सहाचा पासंग खपून जाण्यासारखा होता.

१९८८ मध्ये 'क्लिया' या संक्षिप्त नावाने प्रसिद्ध असलेला प्रयोगशाळा सुधारणा कायदा झाला आणि त्याचे नियम १९९२ मध्ये आले. त्यात रक्तातील शिशासाठी ग्राह्य चूक ४ मायक्रोग्रॅम किंवा १० टक्के, जे जास्त असेल ते, अशी ठरली. प्रयोगशाळेला वर्षातून तीनदा प्रत्येकी पाच अनोळखी नमुने पाठवायचे. पाचांपैकी चार या मर्यादेत आले पाहिजेत. याला प्रावीण्य चाचणी म्हणतात. नमुन्यांचीही एक मजेशीर हकिकत आहे. बाटलीतल्या रक्तात वरून शिसे टाकले तर ते तांबड्या पेशींत जिवंत शरीरातल्याप्रमाणे बसत नाही. म्हणून न्यूयॉर्क राज्याच्या वॉड्सवर्थ केंद्रात शेळ्यांना अल्प प्रमाणात शिसे खाऊ घालून त्यांचे रक्त या कामासाठी वापरले जाते. प्रयोगशाळांच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका शेळ्यांच्या अंगात तयार होते, असे म्हणायला हरकत नाही.

आता चारच्या या मर्यादेचा अर्थ आकड्यांत पाहू. नियम आला तेव्हा मुलांसाठी धोक्याची पातळी १० होती. खरे मूल्य १० असलेल्या नमुन्याला प्रयोगशाळेने ६ म्हटले तरी ती उत्तीर्ण, १४ म्हटले तरी उत्तीर्ण. म्हणजे जन्माच्या दिवशीच हा नियम सैल होता. पण तो तीस वर्षांहून अधिक काळ जसाच्या तसा राहिला. २०१२ मध्ये संदर्भमूल्य ५ झाले, तेव्हा १ ते ९ पर्यंतचे कोणतेही उत्तर बरोबर ठरत होते. २०२१ मध्ये ते ३.५ झाले. त्या पातळीवर शून्य हे उत्तरही ग्राह्य होते आणि ७.५ हेही. ज्या रेषेवरून मुलाच्या घराची तपासणी करायची की नाही हे ठरायचे, त्या रेषेपेक्षा माफ केलेली चूकच मोठी होऊन बसली. एखाद्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागत असावेत आणि गुण देताना ४० गुणांची चूक चालेल असा नियम असावा, असाच हा प्रकार होता.

चांगल्या प्रयोगशाळा या मर्यादेपेक्षा पुष्कळ काटेकोर होत्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आयसीपी-मास स्पेक्ट्रोमेट्रीने काम करणाऱ्यांना एक-दीड मायक्रोग्रॅमच्या आत राहणे कठीण नव्हते. परंतु उत्तम प्रयोगशाळा काय करू शकते यासाठी नियम नसतो. सर्वांत सामान्य प्रयोगशाळेने निदान काय करावे, यासाठी तो असतो.

कायद्याने दिलेली सूट

या सैल नियमाच्याही बाहेर एक वर्ग होता. क्लिया कायद्यात काही चाचण्यांना सूट आहे. ज्या चाचण्या इतक्या सोप्या आहेत की करणाऱ्याकडून चूक होण्याचा संभव नगण्य, त्या करणाऱ्या ठिकाणाला प्रावीण्य चाचणी द्यावी लागत नाही आणि तेथे नियमित तपासनीसही येत नाहीत. उत्पादकाच्या सूचना पाळाव्यात, एवढीच मुख्य अट. लेडकेअर टूला २००६ मध्ये ही सूट मिळाली.

सूट देण्यामागचा हेतू चांगला होता. ज्या वस्त्यांत जुन्या, रंगाचे पोपडे उडालेल्या घरांत मुले वाढतात, तेथील आया मुलाला दुसऱ्या दिवशी दूरच्या प्रयोगशाळेत घेऊन जातीलच असे नाही. कामावरची रजा, बसभाडे, सगळेच आड येते. दवाखान्यातच निकाल मिळाला तर मूल हातातून निसटत नाही. नायजेरियातील झम्फारा प्रांतात २०१० मध्ये सोन्याच्या खाणकामातून शेकडो मुले शिसेबाधेने दगावली, तेव्हा खेड्यापाड्यांत उपयोगी पडले ते हेच यंत्र. तेथे अनेक मुलांच्या बाबतीत ते फक्त 'जास्त' एवढेच दाखवत होते, आणि उपचार सुरू करण्यासाठी तेवढे पुरेसे होते. यंत्राच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, आणि पुढील हकिकत वाचताना तो विसरता कामा नये.

तथापि सूट मिळाल्याने एक विचित्र स्थिती निर्माण झाली. सर्वांत कसलेल्या प्रयोगशाळेला वर्षातून पंधरा नमुन्यांची परीक्षा, आणि अल्प प्रशिक्षणावर यंत्र चालवणाऱ्या दवाखान्याला कायद्याने एकही नाही. यंत्र स्वतःहून चूक करू लागले तर ती कोठे उघडकीस येणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

२०१७ आणि २०२१

मे २०१७ मध्ये अन्न व औषध प्रशासन व सीडीसी यांनी इशारा दिला : लेडकेअरच्या कोणत्याही यंत्रावर शिरेतील रक्त तपासू नये, निकाल खऱ्याहून कमी येत आहेत. यंत्रांचे उत्पादन त्या वेळी मॅगेलन डायग्नोस्टिक्स या कंपनीकडे होते. सहा वर्षांखालील ज्या मुलांचा शिरेच्या रक्तावरील निकाल या यंत्रांवर १० पेक्षा कमी आला होता, त्यांची पुन्हा तपासणी करावी असे सुचवण्यात आले. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही तेच सांगितले गेले. बोटाच्या रक्ताचे निकाल मात्र विश्वासार्ह मानले गेले.

सगळी पाठ्यपुस्तके येथे उलटी झाली. शंका बोटावर घ्यायची आणि खात्री शिरेवर करायची, असे वर्षानुवर्षे शिकवले जात होते. या यंत्रांपुरते नेमके शिरेचे रक्तच खोटे बोलत होते, आणि तेही खालच्या दिशेने. वरच्या दिशेची चूक पुनर्तपासणीत पकडली जाते, कारण काळजीत पडलेली आई मुलाला परत आणतेच. खालच्या दिशेची चूक कोणी पकडत नाही. 'ठीक आहे' असे ऐकून आई मुलाला त्याच घरी घेऊन जाते.

कारणाचा शोध रक्त साठवण्याच्या नळीच्या बुचापर्यंत गेला. काही नळ्यांच्या रबरी बुचांत थायुरम हे गंधकयुक्त रसायन असते. त्याचा अंश रक्तात उतरतो आणि शिशाला धरून ठेवतो, असे प्रशासनाने २०१८ मध्ये कळवले. बांधले गेलेले शिसे इलेक्ट्रोडवर येऊन बसत नाही, म्हणून मोजले जात नाही. रक्त आम्लाच्या द्रावणात चोवीस तास मुरू दिले तर फरक कमी होतो. बोटाच्या थेंबाचा या बुचाशी संबंधच येत नव्हता. हा दोष कंपनीला २०१३ पासून माहीत होता आणि तो दडवला गेला, असे पुढे न्यायालयीन कारवाईत निष्पन्न झाले. २०२४ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करण्याचे मान्य केले व दंड, जप्ती आणि बाधितांना भरपाई मिळून ४ कोटी २० लाख डॉलर देण्याचे ठरले.

बोटाच्या रक्तावरील विश्वासही फार काळ निर्वेध राहिला नाही. मे २०२१ मध्ये लेडकेअरच्या चाचणी-संचांचे काही साठे परत मागवण्यात आले. पुढील महिन्यांत ही यादी वाढत गेली. याही वेळी निकाल खऱ्याहून कमीच येत होते. सदोष संचांवर ५ पेक्षा कमी निकाल आलेल्या मुलांची पुन्हा तपासणी करण्याची सूचना सीडीसीने जुलैमध्ये दिली. नव्या संचांचा पुरवठा २०२२ च्या आरंभी पुन्हा सुरू झाला. मधल्या ऑक्टोबरात संदर्भमूल्य ३.५ वर आले होते. यंत्राचा पल्ला ३.३ पासून सुरू होतो. दोहोंतील अंतर ०.२, आणि ज्या वर्षी ते इतके अरुंद झाले त्याच वर्षी यंत्र खाली मोजत होते.

२०२५ चा नियम

ग्राह्य चूक ४ वरून २ वर आणावी, ही मागणी तज्ज्ञांकडून बऱ्याच वर्षांपासून होत होती. २०१९ मध्ये तिचा मसुदा निघाला, जुलै २०२२ मध्ये अंतिम नियम प्रसिद्ध झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. आता मर्यादा २ मायक्रोग्रॅम किंवा १० टक्के, जे जास्त असेल ते, अशी आहे. २० पर्यंतच्या मूल्यांना दोनची मर्यादा लागते, त्यापुढे टक्केवारी. खरे मूल्य ३.५ असलेल्या नमुन्याला आता १.५ ते ५.५ एवढी मोकळीक आहे. पूर्वीच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे, परंतु संदर्भमूल्याच्या निम्म्याहून अधिक पासंग अजूनही शिल्लक आहे.

भारताच्या दृष्टीने या आकड्यांचे मोल वेगळे आहे. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालातील अंदाजानुसार ५ पेक्षा जास्त पातळी असलेली भारतातील मुले सुमारे २७ कोटी ५० लाख आहेत. हा प्रत्यक्ष मोजणीचा आकडा नसून उपलब्ध अभ्यासांवर आधारलेले गणित आहे, आणि ते अभ्यास निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या यंत्रांवर झालेले आहेत. १९८३ च्या अभ्यासातील दंडक त्या सर्वांना लागू नव्हता. प्रत्यक्ष मोजणी करायची, तर एवढ्या मोठ्या देशात पॉइंट-ऑफ-केअर यंत्रावाचून गत्यंतर दिसत नाही. लेडकेअर टूच्या सूचनांत तपमान सुमारे १५ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, असे म्हटले आहे. मे महिन्यातील नागपूर किंवा हैदराबादच्या आरोग्य केंद्रात ही एक अट पाळणेदेखील सोपे नाही.

अमेरिकेतील नव्या नियमाची कक्षा मात्र पूर्वीचीच आहे. प्रावीण्य चाचणी देणे ज्यांना बंधनकारक आहे, त्याच प्रयोगशाळांना दोनची मर्यादा लागू होते. सूट मिळालेल्या चाचणीवर काम करणारे दवाखाने २००६ मध्ये त्या कक्षेबाहेर होते आणि १ जानेवारी २०२५ नंतरही बाहेरच आहेत.